वर्गणीदारांचे वाङ्मय

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लेखकांची नावे येतात, ग्रंथांची येतात, क्वचित प्रकाशकांचीही येतात. परंतु ज्यांनी पदरमोड करून ते लेखन छापले जाईल अशी तजवीज केली, त्या वर्गणीदारांची नोंद फारशी आढळत नाही. प्रस्थापित लेखकांच्या बाबतीत ही उणीव खपून जाते. ज्यांच्या हाती लेखणीच उशिरा आली, आणि लेखणी आल्यावरही छापखान्याचे दार ज्यांना बंद राहिले, त्यांच्या वाङ्मयाचा इतिहास मात्र वर्गणीदारांना वगळून सांगता येत नाही. महाराष्ट्रातील शूद्रातिशूद्र, दलित आणि भटक्या समाजांचा आवाज कोणाच्या पैशाने छापला गेला, आणि तो पैसा आटला तेव्हा काय झाले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावी राहणाऱ्याला हा इतिहास परका वाटत नाही. त्याची काही पाने या गावावरूनच गेलेली आहेत.

आरंभ उसन्या पानापासून झाला. १८५५ साली जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तिचे वय तेव्हा चौदा वर्षांच्या आसपास होते. तो निबंध अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला. १८४२ पासून चालत आलेल्या या ख्रिस्ती नियतकालिकाने एका अस्पृश्य मुलीच्या शब्दांना जागा दिली, ही आपणा ख्रिस्ती वाचकांना समाधान देणारी घटना खरी. तथापि ते पान तिचे नव्हते, तिच्या समाजाचेही नव्हते. पुढे काय छापावे आणि काय छापू नये, हे ठरविणारे दुसरेच होते. मुक्ताचा हा एकच निबंध आपल्यापर्यंत पोहोचला आहे. उसन्या पानाची मर्यादा एवढ्यावरून ध्यानात यावी.

स्वतःचे पान हवे तर स्वतःचा छापखाना हवा, हे सत्यशोधकांनी प्रथम ओळखले. १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतच मुंबईतील रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू आदी तेलुगुभाषक मंडळींनी समाजाला सुमारे १२०० रुपयांचा छापखाना भेट दिला. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या आणि मराठी ही मातृभाषा नसलेल्या या लोकांनी मराठी शूद्रातिशूद्रांच्या मुद्रणासाठी एवढी रक्कम द्यावी, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले. वर्गणीदार पुरेसे मिळेनात. अखेर १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. गिरणी कामगारांचे प्रश्न मांडणारे पत्र म्हणून ‘दीनबंधु’ नावारूपाला आले ते तेथेच.

परंतु आपल्या माणसांचे पत्र असले म्हणजे आपला प्रत्येक शब्द छापला जाईल असे नाही. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पूर्ण केला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त आली, पुढची छापण्यास लोखंडे धजावले नाहीत, आणि जोतीरावांना त्याचा विषाद वाटला. लोखंडे यांना भित्रे ठरविणे सोपे आहे. पण ज्या पत्राचे वर्गणीदार मोजके आणि ज्याच्यावर सरकारची व सावकाराची नजर, त्या पत्राच्या संपादकाचे धाडसही मोजकेच राहते. पाठीशी उभे राहणारे जितके अधिक, तितका संपादकाचा हात मोकळा.

पुढच्या पिढीत हा प्रयत्न खुद्द अस्पृश्य समाजांतून सुरू झाला. १९०८ साली पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले. १९१० साली नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’ सुरू केले. दोन्ही पत्रे अल्पायुषी ठरली. बनसोडे मात्र खचले नाहीत. एक पत्र बंद पडले की दुसरे काढावे, असा क्रम त्यांनी पुढे कितीतरी वर्षे चालविला.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यामागे राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना दिलेले २५०० रुपयांचे साहाय्य होते. पांडुरंग नंदराम भटकर हे संपादक, आणि लेखणी प्रामुख्याने आंबेडकरांची. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे पुढे आंबेडकरांनीच नमूद केले आहे. एका उदार राजाच्या देणगीने पत्र सुरू झाले खरे. परंतु त्याच वर्षी आंबेडकर शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले, आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडले. मोठी देणगी आरंभ करून देते. सातत्य राखण्याचे काम मात्र लहान वर्गण्यांचे असते, आणि त्या लहान वर्गण्या वेळेवर गोळा करणारे माणूस लागते.

महाडच्या सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या वेळी राजाश्रय नव्हता. संपादक आंबेडकर स्वतः. अंकाचे रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत आणि या श्रमांचा मोबदला घेत नसत. वर्गणी मागताना त्यांनी भीक मागितली नाही, हिशेब मांडला. १९२८ च्या फेब्रुवारीतील एका लेखात त्यांनी वाचकांना विचारले की, या पत्राचे कर्ज हे साऱ्या लोकांचे कर्ज नव्हे काय? प्रश्न साधा आहे, पण त्यात एक संपूर्ण विचार आहे. पत्र माझे असते तर कर्जही माझे असते. पत्र तुमचे आहे, म्हणून कर्जही तुमचे आहे. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी शुभवर्तमानातील विधवा आपणांस ठाऊक आहे. तिचे दान तिच्या दारिद्र्यामुळे मोठे ठरले. ‘बहिष्कृत भारत’ची वर्गणी भरणारा मजूर तिच्याच पंक्तीतला, फरक इतकाच की, त्याच्याकडे दान म्हणून नव्हे तर वाटा म्हणून पैसा मागितला जात होता.

वाटा पुरेसा जमला नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ थांबले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातील तो सर्वांत मोठा सामाजिक लढा. गोदावरीच्या काठी हजारो स्त्री-पुरुष उभे होते त्या दिवशी ‘बहिष्कृत भारत’ बंद पडलेले होते, आणि ‘जनता’ निघायला २४ नोव्हेंबर उजाडायचा होता. चळवळीतील माणसे रस्त्यावर होती आणि त्यांचे हक्काचे पत्र नव्हते. त्या महिन्यांची हकीकत शोधणाऱ्या अभ्यासकाला आज पोलिसांचे अहवाल आणि इतरांची वृत्तपत्रे चाळावी लागतात, याचे एक कारण हेही आहे. वर्गणी थकली की केवळ अंक चुकत नाही; त्या काळाची साक्षच कमी होते.

‘जनता’ मात्र टिकले. १९५६ च्या फेब्रुवारीत ‘प्रबुद्ध भारत’ हे नाव धारण करीपर्यंत ते चालले. ते ज्यांच्या बळावर चालले त्यांच्यांत गिरण्यांतील आणि रेल्वेतील कामगार होते, आणि येथे मनमाडचा संबंध येतो. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी येथे सांगितले. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही केला. गँगमन म्हणून रुळांवर राबणाऱ्या अस्पृश्याला हमालाची जागासुद्धा का मिळत नाही, याचे कारण त्यांनी उघड केले: स्टेशनमास्तर हमालाकडून घरकाम करून घेतो, आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही.

अशा माणसाने पत्राची वर्गणी भरायची म्हणजे काय, याचा विचार करावा. त्यातून वस्तीत साक्षर थोडे. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी रीत. विचारांच्या प्रसाराला ही रीत उपकारक होती. पत्राच्या तिजोरीला ती अपुरी पडे, कारण ऐकणाऱ्याकडून वर्गणी येत नाही. या पत्रांचा प्रभाव त्यांच्या खपापेक्षा पुष्कळ मोठा होता आणि त्यांची तंगीही कायमची होती. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच.

मनमाडवरून गेलेला दुसरा धागा लहान रुळांचा आहे. मुंबईहून आगगाडीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जाणाऱ्याला पूर्वी मनमाडला उतरून मीटर गेजच्या गाडीत बसावे लागे. त्या मार्गाच्या पलीकडे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथील वातावरणात दलित लेखकांची एक पिढी घडली. त्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले आणि कित्येक दशके सांभाळले. ‘अस्मितादर्श’चे मेळावे गावोगावी भरत, लेखक आणि वाचक तेथे एकमेकांसमोर बसत. मुंबई-पुण्याच्या मासिकांकडून साभार परत आलेली कविता जेथे विश्वासाने पाठवावी, असे एक ठिकाण नवोदिताला त्यामुळे मिळाले.

आणखी एक वाट वाचकांनी काढली. १९७४ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. सभासदांनी आधी पैसे भरावेत आणि त्या आधारावर पुस्तके निघावीत, अशी तिची कल्पना. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली ‘ग्रंथाली’ने काढले, ‘उपरा’ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. येथे पैसा भरणारा वाचक बहुधा पांढरपेशा होता, आणि दलितांचे दुःख तो कुतूहलाने विकत घेतो असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या घरांत ही माणसे कधी शिरली नव्हती, त्या घरांत त्यांची पुस्तके शिरली, हेही खरे. ‘जनता’ आणि ‘अस्मितादर्श’ यांनी लेखकाला आपल्या माणसांत उभे केले. ‘ग्रंथाली’ने त्याला इतरांच्या दारी नेले. दोन्ही कामे आवश्यक होती, पण त्यांचा क्रम उलटा झाला असता तर दुसरे काम दयेवर चालले असते.

आज ६ डिसेंबरच्या आधी मराठवाडा-विदर्भातून दादरकडे जाणाऱ्या गाड्या मनमाडहून गर्दीने भरून जातात. चैत्यभूमीच्या परिसरात लहान प्रकाशक जमिनीवर पुस्तके मांडून बसतात, आणि परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत शिदोरीच्या जागी पुस्तके असतात. मोठ्या दुकानांत न दिसणारी कितीतरी पुस्तके या एका दिवसाच्या भरवशावर छापली जातात. वर्गणीदारांची परंपरा तेथे जिवंत आहे.

अन्यत्र मात्र चित्र निराळे आहे. संगणकामुळे छपाई सोपी झाली. ग्रामीण भागातील शिक्षक, कामगार, गृहिणी स्वतःच्या बचतीतून शंभर-दोनशे प्रती काढतात, प्रकाशन समारंभात त्या वाटतात, आणि उरलेल्या घरातील माळ्यावर जातात. पूर्वी लेखक मजूर होता आणि वर्गणीदारही मजूर होता, तरी छपाईचा भार अनेकांत वाटला जाई. आता तो भार एकट्या लेखकावर आला आहे. पुस्तक निघते, समाज त्यात नसतो. म्हणून अशा लेखनाची चर्चा होत नाही, चुका दाखविणारा भेटत नाही, आणि दुसरे पुस्तक बहुधा निघत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे आत्मकथन लिहिले. ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झाले. तिच्या वहीला वाचक शोधत आला म्हणून ते घडले.

१९९० साली महाराष्ट्र शासनाने ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक एकत्र पुनर्मुद्रित केले. वर्गणीअभावी बंद पडलेली पत्रे साठ वर्षांनी सरकारी खर्चाने ग्रंथालयांत आली, हे योग्यच झाले. पण जे अंक निघालेच नाहीत ते कोणतेही सरकार पुन्हा छापू शकत नाही. आपल्या वस्तीतील कोणी लिहीत असेल, तर त्याच्या पुस्तकाची प्रत भेट म्हणून स्वीकारण्याऐवजी किंमत देऊन घ्यावी, आणि शेजाऱ्यालाही घ्यावयास लावावी. १९२८ साली विचारलेल्या प्रश्नाला वाचकाच्या हाती असलेले उत्तर एवढेच आहे.