साहचर्य-संरक्षण, गवताळ प्रदेशांतील

चराऊ प्रदेशातील एखादी वनस्पती किती खाल्ली जाईल, हे केवळ तिची चव, विषारीपणा किंवा काटे यांवर ठरत नाही. तिच्या शेजारी कोणत्या वनस्पती वाढतात यावरही ते अवलंबून असते. एरवी आवडीने खाल्ली जाणारी वनस्पती शेजाऱ्यामुळे चराईतून वाचते, तेव्हा त्या संरक्षणाला परिस्थितिविज्ञानात साहचर्य-संरक्षण म्हणतात. यात शेजारी वनस्पतीचा काही हेतू नसतो. ती स्वतःच्या बचावासाठी काटे वा कडू द्रव्ये बाळगते आणि त्याचा लाभ तिच्या आश्रयाला वाढणाऱ्यांना आपोआप मिळतो.

या संकल्पनेचा उगम कुरणात नव्हे, तर शेतात झाला. टाहव्हानाइनेन व रूट यांनी 1972 मध्ये कोबीवर्गीय पिकांवरील भुंगेऱ्यांच्या अभ्यासातून ती मांडली. 1976 मध्ये अ‍ॅट्सॅट व ओडाउड यांनी एकमेकींच्या बचावास उपकारक ठरणाऱ्या वनस्पतींच्या समूहांना ‘संरक्षण-संघ’ म्हटले. मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत महत्त्वाचा पुरावा सॅम्युअल मॅकनॉटन यांनी 1978 मध्ये टांझानियातील सेरेंगेटी गवताळ प्रदेशातून दिला. तेथील ‘थेमेडा ट्रायअँड्रा’ या गवताला (हे भारतातही आढळते) कमी रुचकर शेजाऱ्यांमुळे मिळणारे संरक्षण सर्व प्राण्यांपासून सारखे नसून, प्राणी आपला चारा किती निवडून खातो यावर ते कमीजास्त होते, असे त्यांनी दाखवले.

हा फरक प्राण्याच्या तोंडाच्या ठेवणीशी निगडित आहे. गाय गवताच्या झुबक्याला जिभेचा वेढा घालून ते ओढून तोडते, त्यामुळे काटेरी झुडपात गुंतलेले पाते तिला वेगळे काढणे जड जाते. मेंढी व शेळी मात्र अरुंद तोंडाने आणि चपळ ओठांनी एकेक पान वेचू शकतात, म्हणून गायीपासून सुरक्षित असलेला कोपरा शेळीपासून सुरक्षित असेलच असे नाही. काट्यांचा अडथळा हा संरक्षणाचा सर्वांत उघड प्रकार असला तरी तो एकमेव नव्हे. विषारी किंवा उग्र वासाच्या वनस्पतींची दाटी असलेला तुकडा प्राणी काही वेळा सबंधच टाळतो, तर काही वेळा उंच शेजाऱ्याच्या आड रुचकर रोप नजरेस पडत नाही. याउलट, अधिक रुचकर शेजारी प्राण्याला आपल्याकडे ओढून घेत असल्यामुळे एखादी मध्यम रुचीची वनस्पती वाचते. उलटा परिणामही संभवतो : आवडत्या चाऱ्याच्या ओढीने आलेला प्राणी लगतच्या साधारण वनस्पतीही खाऊन टाकतो, तेव्हा तोच शेजार घातक ठरतो.

जॉर्जियातील काकेशस पर्वतांवरच्या अतिचराई झालेल्या कुरणांचे उदाहरण विशेष बोलके आहे. रॅगन कॅलवे व त्यांच्या जॉर्जियन सहकाऱ्यांनी 2000 व 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत काटेरी ‘सर्सियम’ आणि विषारी ‘व्हेराट्रम’ या वनस्पतींच्या आश्रयाला अनेक जाती उघड्या कुरणापेक्षा अधिक प्रमाणात आढळल्या. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या आखूड गवताच्या मैदानांत निवडुंगाची बेटे असेच आश्रयस्थान पुरवतात. अशा जागी गवताला फुलोरा येऊन बी धरण्यास अवधी मिळतो आणि ते बी भोवतालच्या खुरडलेल्या जमिनीवर पुन्हा पडू शकते. आश्रयस्थानाचे खरे मोल त्यात आहे.

या आश्रयाची किंमतही असते, कारण संरक्षक शेजारी प्रकाश, पाणी व पोषकद्रव्ये यांसाठी स्पर्धाही करतो. चराई नसताना ही स्पर्धाच वरचढ ठरते. मध्यम चराईत संरक्षणाचा लाभ जास्त होतो. आणि चराई फार वाढली की भुकेली जनावरे काटेरी व बेचव वनस्पतींनाही तोंड लावत असल्याने आश्रय मोडतो.

महाराष्ट्राच्या पठारी माळरानांचा समावेश दबडघाव व शंकरनारायण यांच्या 1973 च्या वर्गीकरणानुसार पवना व मारवेल या गवतांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या गवताळ पट्ट्यात होतो. हे दोन्ही चारे रुचकर असून सततच्या चराईत मागे पडतात आणि त्यांची जागा कुसळी गवत घेते. कुसळी कोवळी असताना खाल्ली जाते, परंतु कुसळे धरल्यावर ती तोंडाला बोचतात व लोकरीत रुततात, म्हणून जनावरे तिला टाळतात. अर्थात तिच्या शेजाराचा आश्रय मिळालाच तर तो ऋतुमानानुसार बदलणारा असतो. बोरीच्या जाळीत शिरलेले गवत मात्र वर्षभर गुरांच्या तोंडापासून बरेचसे दूर राहते.

यामुळे कुरणसुधारणेच्या नावाखाली सर्व काटेरी झुडपे सरसकट तोडणे योग्य नाही. घाणेरीसारखी बाहेरून आलेली व दाट पसरणारी झुडपे खालचे गवतच दडपत असल्याने त्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. परंतु अतिचराई झालेल्या माळावर विखुरलेल्या स्थानिक बोरी चराईला आळा बसेपर्यंत राखून ठेवाव्यात, कारण रुचकर गवतांचे उरलेसुरले बी बहुधा त्यांच्याच आश्रयाला असते.