परदेशस्थ रहिवासी आणि देवीची लस : इस्तंबूल ते मुंबई (१७१७–१८०२)

देवीच्या लसीचा हिंदुस्थानातील इतिहास सामान्यत: सरकारी आरोग्यखात्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या खात्याची स्थापना, टोचणाऱ्यांच्या नेमणुका, लोकांचा विरोध आणि पुढे सक्तीचे कायदे, असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. परंतु ही लस प्रथम ज्या मार्गाने मुंबईस आली, त्या मार्गावर कोणतेही आरोग्यखाते नव्हते. तो मार्ग परदेशांत राहणाऱ्या मूठभर लोकांनी स्वत:च्या व स्वत:च्या मुलाबाळांच्या संरक्षणासाठी चालविलेल्या खटपटीतून सिद्ध झाला होता. ह्या खटपटीचे स्वरूप काय होते, तिला यश कशामुळे आले आणि त्या यशाचा भार कोणी वाहिला, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परक्या देशात घर करून राहणाऱ्या मनुष्याची साथीच्या रोगापुढे होणारी अवस्था मोठी विलक्षण असते. हवा, पाणी आणि रोग हे तो स्थानिक लोकांबरोबर वाटून घेतो. परंतु संरक्षणाची साधने मिळविताना तो त्यांच्यातला गणला जाईलच असे नाही. अशा मनुष्यापुढे दोनच वाटा असतात. एक, यजमान देशाच्या लोकांपाशी जे आहे ते त्यांच्याकडून घेणे. आणि दुसरी, आपल्या मूळ देशातून अथवा आपल्यासारख्याच अन्य परदेशस्थांकडून ते मागविणे. अठराव्या शतकाच्या आरंभी इस्तंबूल येथे पहिल्या वाटेचे, तर त्या शतकाच्या अखेरीस त्याच शहरात दुसऱ्या वाटेचे उदाहरण आढळते. अभ्यासकास ही जोडी अत्यंत उपयुक्त आहे.

इंग्लंडचा वकील एडवर्ड वर्टली माँटेग्यू हा १७१७ मध्ये तुर्की दरबारी पोहोचला. त्याची पत्नी लेडी मेरी हिला १७१५ मध्ये देवी येऊन तिचा चेहरा विद्रूप झाला होता. तिचा भाऊ १७१३ मध्ये त्याच रोगाने दगावला होता. तुर्की राज्यात वृद्ध स्त्रिया सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील द्रव घेऊन तो निरोगी मुलांच्या अंगी टोचीत आणि पुढे त्या मुलांना बहुधा सौम्य देवी येऊन ती कायमची सुरक्षित होत. लेडी मेरीने ह्या पद्धतीचे वर्णन १ एप्रिल १७१७ च्या पत्रात एका मैत्रिणीस कळविले. ही गोष्ट युरोपातील विद्वानांना अगदीच अपरिचित होती असे नव्हे. वैद्य इमॅन्युएल तिमोनी याचा ह्या विषयावरील वृत्तांत १७१४ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला होता. परंतु वृत्तांत वाचणे निराळे आणि आपल्या मुलाचा दंड पुढे करणे निराळे. मार्च १७१८ मध्ये लेडी मेरीने आपल्या मुलास टोचवून घेतले. ते काम एका वृद्ध ग्रीक स्त्रीने वकिलातीचा शस्त्रवैद्य चार्ल्स मेटलंड याच्या देखत व त्याच्या साह्याने केले.

येथे एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच वर्षाच्या आरंभी इस्तंबुलात जन्मलेल्या आपल्या मुलीस मात्र लेडी मेरीने तेथे टोचविले नाही. कारण मुलीला सांभाळणाऱ्या दाईस देवी येऊन गेल्या नव्हत्या. टोचलेल्या मुलापासून दाईस खऱ्या देवींचा संसर्ग झाला असता. ह्या मुलीस पुढे १७२१ मध्ये लंडन येथे मेटलंडनेच टोचले. परदेशस्थ कुटुंबाचे संरक्षण घरातील स्थानिक नोकरमाणसांच्या शरीरस्थितीशी किती निकट बांधलेले होते, हे ह्यावरून स्पष्ट होते. कुटुंब वकिलाचे असले तरी रोगाच्या दृष्टीने त्याची सीमा वकिलातीच्या भिंतीपाशी संपत नव्हती.

ह्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी परिस्थिती पालटली. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी गाईच्या देवींचा द्रव एका मुलास टोचून पाहिला आणि १७९८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. खऱ्या देवी टोचण्याच्या पद्धतीत टोचलेला मनुष्य इतरांना रोग देऊ शकत असे; जेन्नरच्या पद्धतीत तो धोका राहिला नाही. परंतु तिच्यात एक नवी अडचण उत्पन्न झाली. मनुष्याच्या देवी दुर्दैवाने सर्वत्र उपलब्ध होत्या. गाईच्या देवी मात्र थोड्याच प्रदेशांत व क्वचितच आढळत. म्हणजे ज्ञान पुस्तकातून कोठेही जाऊ शकत होते, पण द्रव्य जाऊ शकत नव्हते. हिंदुस्थानातील इंग्रज वैद्यांची हीच अडचण होती. जेन्नरचा निबंध त्यांच्या हाती होता, लस नव्हती. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजास कित्येक महिने लागत आणि दोऱ्यावर वा काचेवर वाळविलेली लस उष्ण कटिबंधातून जाताना निर्जीव होऊन जाई.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय ज्याच्याकडे जाते तो झां द कारो हा स्वत:च परदेशस्थ होता. त्याचा जन्म १७७० मध्ये जिनीव्हा येथे झाला, वैद्यकीचे शिक्षण एडिंबरो येथे झाले आणि व्यवसायासाठी तो व्हिएन्ना येथे स्थायिक झाला. १७९९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या लशीने त्याने आपल्या मुलांना टोचले. युरोप खंडातील अगदी आरंभीच्या लसीकरणांत त्याची गणना होते. त्यानंतर त्याने जणू लशीचे टपालखातेच उघडले. इस्तंबुलात इंग्लंडचा वकील लॉर्ड एल्गिन ह्याला १८०० मध्ये पुत्र झाला होता. त्या अर्भकासाठी द कारोने व्हिएन्नाहून लस पाठविली आणि ती लागू पडली. ज्या शहरात लेडी मेरीने शेजारच्या वृद्ध स्त्रियांकडून संरक्षण मिळविले होते, त्याच शहरात आता तिच्या देशाचा वकील ते संरक्षण व्हिएन्नाहून मागवीत होता. शेजाऱ्यांची जागा परदेशस्थांच्या आपसांतील पत्रव्यवहाराने घेतली होती.

इस्तंबूलपासून पुढचा मार्ग राजकारणाने आधीच आखून ठेवला होता. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा ईजिप्तमध्ये उतरल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने बगदाद येथे हार्फर्ड जोन्स ह्याला आपला रेसिडेंट नेमले. बसरा येथे कंपनीची वखार व रेसिडेन्सी पूर्वीपासून होती. युरोपातील तातडीची पत्रे इस्तंबूलहून खुष्कीने बगदाद व बसरा येथे आणि तेथून जहाजाने मुंबईस येत. युद्धवार्तेसाठी बांधलेल्या ह्याच साखळीतून लस येऊ शकेल, हे ध्यानी येताच मुंबईकर इंग्रजांनी तिची मागणी सुरू केली. त्या वेळी जोनाथन डंकन हा मुंबईचा गव्हर्नर होता.

तथापि पहिले अनेक प्रयत्न फसले. लस बगदादपर्यंत पोहोचे, पण टोचल्यावर लागू पडत नसे. द कारोने मग बांधणीची रीत बदलली. मिलान येथील वैद्य लुइजी साक्को ह्याने लोंबार्दीतील गाईंपासून मिळविलेली लस त्याने घेतली, ती काचांच्या मध्ये ठेवून कडा बंद केल्या आणि वर मेणाचे थर चढविले. हवा व उष्णता यांपासून अशा रीतीने राखलेली लस १८०२ मध्ये बगदाद येथे उघडली, तेव्हा ती वाळलेली नव्हती. तेथे एका मुलास टोचताच ती लागू पडली. बगदादहून ती बसऱ्यास गेली. तेथील शस्त्रवैद्य जेम्स मिल्न ह्याने ती दंडावरून दंडावर चालती ठेवली आणि जहाजाने मुंबईस धाडली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ज्या मुलांना ती टोचण्यात आली त्यांपैकी एकाच मुलीच्या दंडावर खरा फोड उमटला. तिचे नाव अॅना डस्टहॉल; वय सुमारे तीन वर्षे; नोकरवर्गातील एका बाईची ती मुलगी. हेलेनस स्कॉट व जॉर्ज कीर हे मुंबईतील वैद्य ह्या कामात अग्रभागी होते. पुढच्या आठवड्यात अॅनाच्या दंडावरील द्रवाने आणखी मुलांना टोचण्यात आले. मुंबईहून लस पुणे, सुरत, हैदराबाद, सिंहलद्वीप व मद्रास येथे गेली आणि १८०२ हे वर्ष संपण्यापूर्वी कलकत्त्यास पोहोचली.

आता ह्या घटनाक्रमाचा अर्थ पाहू. पत्रव्यवहार वकिलांचा, रेसिडेंटांचा आणि शस्त्रवैद्यांचा होता. परंतु लस टिकली ती मुलांच्या शरीरावर. टोचल्यापासून साधारण आठव्या दिवशी फोड भरतो. त्या सुमारास द्रव काढून दुसऱ्या, पूर्वी देवी न आलेल्या मुलास टोचला नाही तर साखळी तुटते. म्हणजे लस एका शहरात वर्षभर जिवंत ठेवावयाची तर आठवड्यास निदान एक, आणि दगाफटका टाळण्यासाठी त्याहून अधिक, अशी नवी मुले हवीत. मुंबईतील युरोपीय वसाहतीत एवढी बालके कोठून असणार? जी होती ती एकदा टोचल्यावर पुन्हा उपयोगी पडत नसत. तेव्हा परदेशस्थांनी स्वत:पुरती मागविलेली लस स्वत:पुरती ठेवणे हे निसर्गत:च अशक्य होते. ती टिकवावयाची तर स्थानिक मुलांच्या दंडांवर न्यावीच लागे. परोपकारबुद्धी कोणाच्या ठायी नव्हती असे म्हणण्याचा येथे हेतू नाही; परंतु लसीचा हिंदी समाजात झालेला प्रवेश केवळ परोपकारबुद्धीने उलगडत नाही, हे मान्य करावे लागते.

ह्याच ठिकाणी ह्या कथेची दुसरी बाजू दिसते. साखळीतील पहिला धोका कोणी पत्करला? लांबच्या प्रवासाने कदाचित बिघडलेली, गुण येईल की अपाय होईल ह्याची खात्री नसलेली लस मुंबईत प्रथम लागू पडली ती गव्हर्नराच्या वा वैद्याच्या मुलावर नव्हे, नोकराच्या मुलीवर. द कारोने स्वत:च्या मुलांपासून आरंभ केला होता, एल्गिनने आपला मुलगा पुढे केला होता. मुंबईत मात्र हा क्रम राहिला नाही. बंगाल, मद्रास आणि मुंबई येथील रहिवाशांनी पुढे जेन्नरसाठी कृतज्ञतेची वर्गणी जमविली आणि ते योग्यच झाले. परंतु जिच्या दंडावर ह्या देशातील लसीची परंपरा उभी राहिली त्या मुलीच्या वाट्यास वैद्यकीय वृत्तांतातील एक उल्लेख आला. इतिहासलेखकाने निदान एवढी नोंद उचलून धरणे अगत्याचे आहे.

पुढील काळात लसीकरण व्यक्तिगत ओळखीच्या कक्षेतून निघून कायद्याच्या कक्षेत आले. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने मुलांचे लसीकरण सक्तीचे झाले. १८८० चा हिंदुस्थान सरकारचा कायदा नगरपालिका व लष्करी छावण्या ह्यांच्यासाठी होता. दंडावरून दंडावर टोचण्याची जुनी रीत मागे पडून वासरांपासून लस काढण्यात येऊ लागली, तेव्हा मुलांच्या साखळीची गरजही उरली नाही. ‘कोण कोणाला ओळखतो’ ह्याऐवजी ‘कोण कोठे राहतो’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. साथीच्या दृष्टीने हाच प्रश्न खरा होय. कारण रोग राष्ट्रीयत्व पाहत नाही, सान्निध्य पाहतो.

हे तत्त्व सोडल्यास काय होते आणि पाळल्यास काय साधते, ह्याची दोन अर्वाचीन उदाहरणे देऊन हे विवेचन पुरे करू. मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे देवीचा हिंदुस्थानातील अखेरचा रोगी आढळला. ती बांगलादेशातून आलेली, रेल्वे स्थानकाच्या फलाटावर राहणारी एक निराधार स्त्री होती. तिच्यापाशी ना वकिलात होती ना ओळखपत्र. परंतु तिला हुडकून, वेगळे ठेवून, तिच्या सभोवतालच्या सर्वांना टोचल्यावाचून देशातील देवीचे उच्चाटन पुरे होणार नव्हते. ते झाले, आणि एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. उलट, २०२१ मध्ये कोविडची लस देताना नोंदणीची व्यवस्था प्रामुख्याने देशी ओळखपत्रांवर आधारलेली होती. मोहीम १६ जानेवारीस सुरू झाली. भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पारपत्राच्या आधारे नोंदणी करण्याची मुभा ९ ऑगस्टला जाहीर झाली. मधल्या काळात दुसरी मोठी लाट येऊन गेली होती. १८०२ मध्ये परदेशस्थांपाशी पत्रव्यवहाराचा मार्ग होता आणि लस नव्हती. २०२१ मध्ये लस त्यांच्या गल्लीतील दवाखान्यात होती आणि नोंदणीचा मार्ग नव्हता.

येणेप्रमाणे परदेशस्थाचे संरक्षण ही यजमान समाजाने त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, तसेच ती परदेशस्थाची खाजगी मिळकतही नव्हे. इस्तंबुलातील दाई, मुंबईतील नोकराची मुलगी आणि करीमगंजच्या फलाटावरील स्त्री ह्या तिघींच्या उदाहरणांवरून एकच निष्कर्ष निघतो. एका वस्तीत राहणाऱ्यांचे आरोग्य अविभाज्य असते आणि त्या वस्तीतील ज्याची गणना सर्वांत शेवटी होते त्याच्यापाशी रोगाचा अंत अथवा पुनरारंभ होत असतो. मुंबई, पुणे, सुरत इत्यादी ठिकाणच्या आरंभीच्या लसीकरणाचा इतिहास लिहिताना वैद्य व अधिकारी ह्यांच्या नामावळीबरोबर टोचल्या गेलेल्या मुलांच्या नोंदींकडेही अभ्यासकांनी ह्या दृष्टीने पाहावे, असे सुचवावेसे वाटते.