ऊर्ध्व वायुप्रवाह : न्हावा शेवा परिसर

हवा वर चढली की पसरते आणि थंडावते. संपृक्त होईपर्यंत दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सियसने. पुढे बाष्पाचे पाणी होऊन ढग बनतो. मुंबई बंदराच्या पूर्व काठावरील न्हावा शेव्याचा पाऊस अशा चढत्या हवेतूनच पडतो, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो ही हवा वर जाते कशाने, यावर. तापलेली जमीन हे उत्तर पुरेसे नाही. मे महिन्यात पनवेल-उरण भागात दुपारी घारी पंख न हलवता उंच चढतात, म्हणजे ऊर्ध्व प्रवाह असतात. तरी पाऊस क्वचितच येतो, कारण वर पसरलेला कोरडा, उबदार थर झाकणासारखा त्यांना अडवतो. हे झाकण फुटले की वळीव कोसळतो. 13 मे 2024 रोजी घाटकोपरचा महाकाय फलक पाडणारे वादळ याच ऋतूतले होते. ढगातून वेगाने खाली येणारी हवा जमिनीवर आपटून पसरते, तेव्हा वाऱ्याचे असे झोत सुटतात. जुलैत जमीन तुलनेने थंड असते, पण हवा इतकी दमट की ढगांचा तळ काहीशे मीटरवर येतो आणि वरचा कोरडा थरही उरत नाही.

मग श्रेय सह्याद्रीचे मानावे, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे: सुमारे 800 मीटर उंचीच्या माथेरानला किनाऱ्याच्या जवळपास दुप्पट पाऊस मिळतो आणि घाटापलीकडे पुण्यात तो 700 मिलिमीटरच्या आसपास उतरतो. परंतु समुद्रसपाटीवरच्या कुलाब्यातही वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तोही घाटमाथ्यापासून कितीतरी अलीकडे. शिवाय 26 जुलै 2005 च्या सकाळपासूनच्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर, तर कुलाब्याला अवघा 74 मिलिमीटर पाऊस झाला. दोन्ही ठिकाणांपुढे डोंगर एकच होता. फरक पडला तो मोजक्या क्षेत्रावर उभ्या राहिलेल्या गडगडाटी ढगांमुळे. तो दिवस अपवादात्मक होता हे खरे, पण सरासरीचा पुरावाही त्याच दिशेने जातो. हवामान-संशोधक ग्रॉसमन आणि ड्युरन यांनी 1984 मध्ये मांडले की घाटापुढे वारा समुद्रावरच मंदावू लागतो. मागून येणारी हवा साचते आणि वर चढते. किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा या चढणीला बळ देतो. न्हावा शेवा याच टप्प्यात, घाटाच्या पायथ्याआधी येते.