दिनविशेष, ३० डिसेंबर : धनुष्याला कप्प्या बसल्या

१९६९ : अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचे हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांना आजच्या दिवशी कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. अर्ज जून १९६६चा.

साध्या धनुष्याची अडचण फार जुनी. प्रत्यंचा जितकी मागे ओढावी तितका जोर वाढतो आणि नेमका नेम धरताना हात थरथरतो. शिकारीचा नाद असलेल्या अ‍ॅलन यांनी धनुष्याची टोके चक्क कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या. कप्पीचा आस मध्यभागी न ठेवता बाजूला सरकवला, ही खरी करामत! त्यामुळे ओढताना मध्येच सर्वाधिक जोर लागतो आणि पूर्ण ताणल्यावर तो उतरतो. हल्लीच्या धनुष्यात ६० पौंडांचा ताण शेवटी १२-१५ पौंडांवर येऊ शकतो.

परंपरावाद्यांनी नाके मुरडली, ती साहजिकच. उत्पादनाला पहिला हात घातला टॉम जेनिंग्ज यांनी. पुढे जेनिंग्ज यांच्या नावाच्या कंपनीशीच ‘अ‍ॅलन आर्चरी’ पेटंटवरून कोर्टात भांडली. अ‍ॅलन १९७९मध्ये मोटार अपघातात गेले.

आपल्याकडे या धनुष्याचे नाव घरोघरी पोहोचले ते ५ ऑगस्ट २०२३ला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे त्या एकाच दिवशी बर्लिनमध्ये कंपाउंडचे विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची होती. ऑलिंपिकचे दार मात्र या प्रकाराला २०२८मध्ये, लॉस एंजेलिसला उघडणार आहे, तेही फक्त मिश्र सांघिक गटापुरते.