सिव्हिल सर्जनने मोजलेली मांजरे

1908 साली लंडनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्लेगवर एक लेख छापून आला. लिहिणारा अमरावतीचा सिव्हिल सर्जन, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन. प्लेगवर तेव्हा लस होती, जंतुनाशकांची फवारणी होती, गाव रिकामे करणे होते. ब्यूकॅननने सुचवलेला उपाय वेगळाच होता: मांजर पाळा. गावात घरे किती आणि त्यांतल्या किती घरी मांजर, याची मोजदाद करून तो सांगत होता की जिथे घरोघर मांजर आहे तिथे प्लेगला पाय रोवता येत नाहीत.

वाचताना हसू येते. पण ब्यूकॅनन हा काही विक्षिप्त साहेब नव्हता. लाखोळीची डाळ खाऊन पाय लुळे पडतात, त्या रोगाचा मध्य प्रांतातला अहवाल त्याच्याच नावावर आहे. दुष्काळात कोण काय खातो हे पाहत हिंडलेला डॉक्टर तो. रोग औषधाच्या बाटलीत शोधण्याआधी घरात शोधायचा, ही त्याची रीत. आणि वऱ्हाडी घरात पाहिले की दोन गोष्टी दिसतातच, धान्य आणि उंदीर. तिसरी गोष्ट चुलीजवळ अंग मुडपून पडलेली असते.

ही तिसरी गोष्ट इथे आली कधी?

गाय, कुत्रा, कोंबडी माणसाने माणसाळवली. मांजराला कोणी बोलावले नव्हते. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागोमाग तिथले रानमांजर वस्तीत शिरले. 2007 साली जगभरच्या 979 मांजरांचे डीएनए तपासले, तेव्हा घरमांजरांची सगळी मुळे 'फेलिस लिबिका' या एकाच रानमांजरात निघाली. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे, माणसाशेजारी मांजर पुरलेले. त्या बेटावर मूळचे मांजर नव्हते. म्हणजे कोणीतरी ते नावेत घालून नेले होते.

भारतीय घरमांजरात आपल्याकडच्या रानमांजराचे रक्त असावे, असे एकोणिसाव्या शतकातल्या प्राणितज्ज्ञांना वाटे. अंगकाठी पाहता वाटावे असेच आहे. पण डीएनएने तो दावा उचलून धरला नाही. मेळघाटच्या कडेला तुरीच्या शेतातून निघून जाणारे लांब पायांचे रानमांजर आणि आपल्या ओसरीवरची मनी यांचे नाते लांबच्या चुलत बहिणींचे. वाघाटी ही रानमांजराची दुसरी जात आणखी लांबची. तिची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. चीनमध्ये 5000 वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत मांजराची हाडे मिळाली, तेव्हा चीननेही स्वतंत्रपणे मांजर पाळले होते की काय, अशी चर्चा झाली. पुढे हाडे नीट मापली तर ती वाघाटीच्या जातीची निघाली. उंदरांच्या ओढीने तीही गावात आली होती, पण टिकली नाही. परत रानात गेली.

सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडोला एक वीट सापडली आहे. कच्ची असताना तिच्यावरून आधी मांजर पळाले आणि मागून कुत्रा. दोघांचे पंजे उमटले, वीट भाजली गेली आणि ती धावपळ चार हजार वर्षे टिकली. त्यानंतर मांजर भाषेत शिरले. पाणिनीने ज्यांचे वैर कायमचे त्यांच्या समासासाठी सूत्र केले, तर टीकाकारांनी उदाहरण दिले मांजर आणि उंदराचे. संस्कृत 'मार्जार' हे नाव 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूवरून आले. दिवसभर अंग चाटत बसणाऱ्या प्राण्याला याहून नेमके नाव देता आले नसते.

मार्जारचे मांजर कसे झाले, याची साक्ष बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात आहे. मार्जारची मंजर आणि वंजर अशी रूपे होतात, असे तो नोंदवतो. वऱ्हाडी वाचकाला त्यात जास्त गोडी वाटावी अशी गोष्ट मात्र थोडी आधी येते. शब्दातली अक्षरे जागा बदलतात, त्याची उदाहरणे देताना त्याने अचलपूर घेतले आहे: लोक 'अलचपुर' म्हणतात. त्याच्या लगेच पुढे महाराष्ट्राचे 'मरहट्ठ'. आपले अचलपूर, आपला महाराष्ट्र आणि आपले मांजर असे एकाच वैयाकरणाच्या वहीत थोड्या थोड्या अंतरावर बसलेले आहेत. (मांजरपाटाचा मात्र मांजराशी काही संबंध नाही. कापसाच्या मुलखात हा घोटाळा व्हायचाच. जुन्या कोशांत त्या कापडाचे नाव मादरपाट असे आहे.)

ब्यूकॅननने पाहिलेली खेडी कशी होती? पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर धाबे. भिंतीत बिळे करायला मातीइतकी सोयीची जागा नाही. आत तुराट्यांची, शेणामातीने लिंपलेली कणगी. जमिनीखाली ज्वारीचे पेव. कोपऱ्यात ढोरांसाठी सरकीचा ढीग. उंदराला यापलीकडे काय हवे? अशा घरात मांजर हौसेसाठी नसे. त्याला ताटलीत वाढतही नसत. दोन घोट दूध, उरलेली भाकर, बाकी पोट त्याचे त्याने भरायचे. आणि त्याने दुधालाच तोंड लावू नये म्हणून आढ्याला शिंके. राखणदार ठेवायचा आणि त्याच्यापासूनही राखायचे, असा हा करार होता. 'दुधाची राखण मांजराकडे' ही म्हण त्या करारातूनच आलेली.

आता दुधाची गंमत. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजराच्या सगळ्या कुळात निकामी आहे, हे 2005 साली स्पष्ट झाले. वाघालाही पुरणपोळी आणि भाकर सारखीच. मग मांजर दुधावर झेपावते ते साईच्या स्निग्धतेपायी. शिवाय मोठ्या झालेल्या कित्येक मांजरांना दूध नीट पचतही नाही. सगळ्या म्हणी-गोष्टींत डोळे मिटून दूध पिणारे हे जनावर खरे तर दुधाचे नव्हेच, उंदराचे.

जनुकांची आणखी एक गंमत रंगात दिसते. तीन रंगांची कबरी मांजर पाहिली की ती बहुतेक मादीच आहे हे शेपूट न उचलता सांगता येते. भगवा रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बोक्याला एक्स एकच, त्यामुळे तो एकतर भगवा, नाहीतर काळा. मादीला दोन. अंगाच्या एका ठिगळात एक चालते, दुसऱ्यात दुसरे. ते जनुक नेमके कोणते, हे जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी सांगितले तेव्हा 2025 साल उजाडले होते. गल्लीतल्या मांजराच्या अंगावरचे बारीक उभे पट्टे मात्र थेट त्या मूळ रानमांजराचे. मोठ्या भोवऱ्यांसारखी नक्षी नंतरची, मध्ययुगात पसरलेली.

मांजर टिकले ते निव्वळ उपयोगामुळे, असे मला वाटत नाही. उपयोगाच्या जनावरालाही माणूस रागाच्या भरात काठी घालतोच. मांजराच्या पाठीशी एक भय होते. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेले वाक्य असे: "मांजरीले हात नोको लावू रे बाप्पा, सोन्याची मांजर करून काशीले न्या लागते!" हे नुसते आजीचे बोलणे नव्हे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले, त्यांत कित्येक जातींत मांजर मारणाऱ्याला जातीबाहेर काढण्याची शिक्षा दिसते. गायीच्या जोडीने नाव येते ते मांजराचे. शिवाय बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचे वाहनच मांजर. आणि अचलपूर, बाळापूरसारख्या जुन्या मुसलमान वस्तीच्या गावांत त्याला दुसरा आधार होता. पैगंबरांचे एक साथीदार अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिलाचे बाबा, या नावानेच ओळखले जातात. एकाने पापाच्या भीतीने मारले नाही, दुसऱ्याने मायेने जवळ घेतले. उंदरांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

प्लेग मुंबईच्या मांडवीत दिसला तो सप्टेंबर 1896 मध्ये. तिथून तो व्यापाराच्या वाटांनी आत सरकला. नागपूरपर्यंतची रेल्वे 1867 सालीच झाली होती, आणि कापूस व धान्य वाहणाऱ्या त्या मार्गावर अकोला आणि बडनेरा होते. गावकऱ्यांना वैज्ञानिकांच्या आधी एक गोष्ट कळली होती. उंदीर पडू लागले की घर सोडून शेतात झोपडी करायची. पॉल-लुई सिमाँ याने 1898 मध्ये कराचीत दाखवले की उंदीर मेला की त्याच्यावरची पिसू उपाशी पडते आणि माणसाच्या अंगावर येते. बरीच वर्षे त्याला कोणी मानले नाही. 1905 नंतर मुंबईतल्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्के झाले. त्यापाठोपाठ ब्यूकॅननची मांजरे आली. तर्क सरळ होता: उंदीर नाही तर पिसू नाही, पिसू नाही तर प्लेग नाही. योगायोग असा की त्याच 1908 साली जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉखनेही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला.

मग सरकारने अमरावतीची युक्ती का उचलली नाही? माझ्या मते ब्यूकॅनन अर्धाच बरोबर होता. मांजरे जास्त म्हणून प्लेग आला नाही, की ज्या गावात प्लेग येण्याचे मार्गच कमी तिथे मांजरे जास्त होती, हे नुसत्या शिरगणतीने ठरत नाही. दुसरे, मांजराला स्वतःला प्लेग होतो. आजारी मांजर माणसाला तो थेट देऊ शकते. अमेरिकेत अशी प्रकरणे पुढे घडली. तिसरे, मांजर मोठ्या उंदराच्या वाटेला फारसे जात नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका कारखान्यात 79 दिवस कॅमेरे लावून पाहिले तर मांजरांनी झेप घेतली तीनदा आणि उंदीर मेले दोन. तो अभ्यास 2018 सालचा. अर्थात तिथले उंदीर गटारातले दांडगे. आपल्या धाब्याच्या घरातला उंदीर त्याहून लहान, मांजराच्या मापाचा. त्यामुळे ब्यूकॅननची अर्धी बाजू मी त्याला देऊन टाकतो.

पुढे सिमेंटच्या भिंती आल्या, पेवे बुजली, कणगीची जागा पत्र्याच्या कोठीने घेतली, मांजराची जागा उंदीर मारायच्या औषधाच्या पुडीने. आता अकोल्या-अमरावतीत मांजर विकत मिळते, पिंजऱ्यासकट, त्याच्या खाण्याच्या पाकिटांसकट. उंदीर दिसला तर ते उठून दुसऱ्या खोलीत जाते, अशी तक्रार ऐकू येते.

प्लेग मात्र गेला म्हणता म्हणता एकदा परत आला. किल्लारीचा भूकंप सप्टेंबर 1993 मधला. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भीतीने घरे सोडून बाहेर निवाऱ्यात राहू लागले. धान्य घरांतच राहिले आणि त्यावर उंदीर माजले. 1994 च्या ऑगस्टमध्ये तिथे गाठीचा प्लेग निघाला. पथके आली, औषधे आली, पिसवा मारण्याची फवारणी झाली. अमरावतीचा सिव्हिल सर्जन असता तर त्याने गावात शिरताच पहिल्यांदा विचारले असते, की या घरांत मांजरे किती होती?