असील कोंबडा : नांव व कुळ

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस 'अस्सल' व 'नक्कल' हा भेद सांगावयास नको. ज्या अरबी धातूपासून 'अस्सल' शब्द आला, त्याच धातूचा 'असील' हा दुसरा शब्द; अर्थ कुलीन, शुद्ध बीजाचा. आपल्या देशांत झुंजीच्या कोंबड्यास हेंच नांव रूढ आहे. नांव अरबी, तेव्हां पक्षीहि सुलतानी अमदानींत बाहेरून आला, असें अनुमान सहज सुचतें; परंतु तें टिकण्यासारखें नाहीं.

मनुस्मृतींत निर्जीव वस्तूंनीं खेळावयाचें तें द्यूत व प्राण्यांनीं खेळावयाचा तो समाह्वय, असा भेद केला आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत कुक्कुटयुद्ध आहेच. यावरून झुंज सिद्ध होते, जाति नव्हे. जातीचा पुरावा दंडी देतो. दशकुमारचरितांत नारिकेल जातीच्या कोंबड्यासमोर बलाका जातीचा कोंबडा सोडलेला पाहून प्रमति हसतो. कारण पहिला बलानें व आकारानें अधिक. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (शके १०५१ च्या सुमारास) तर कुक्कुटविनोदास स्वतंत्र प्रकरण आहे.

यावरून आजचा असील म्हणजेच दंडीची नारिकेल जाति, असें म्हणावयाचें नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, बीज पारखून कोंबडे पाळण्याची विद्या या भूमींत नांवाहून जुनी आहे. 'असील' हें मुळांत विशेषण. तें मागाहून जातिनाम झालें.

या पक्ष्याची उभी ठेवण, लांब मान, आंखूड घट्ट पिसें व बसका तुरा हीं सर्व झुंजीचींच लक्षणें होत. चोंचीखालीं लोंबणारें मांस जवळजवळ नसल्यानें प्रतिपक्ष्यास धरावयास कांहीं सांपडत नाहीं. लखनौस नबाब आसफउद्दौल्याच्या वेळीं इ. स. १७८४ च्या सुमारास कर्नल मॉर्डंट यानें लावलेल्या झुंजीचें चित्र झोफनी यानें वॉरन हेस्टिंग्जकरितां काढलें, तें प्रसिद्धच आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांत असीलाचें रक्त मिसळून भरदार छातीची कॉर्निश जाति तयार झाली. तिचा अमेरिकेंत प्लायमाउथ रॉक जातीशीं संकर होऊन आजची ब्रॉयलर कोंबडी निघाली. १९६० च्या कायद्यानें प्राण्यांच्या झुंजी लावणें गुन्हा ठरलें. असीलाचें रक्त मात्र जगाच्या पाकशाळेंत नांदत आहे.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, दप्तरांत कोंबड्यांच्या संबंधानें 'असील' शब्द आढळल्यास तो विशेषण आहे कीं जातिनाम, हें संदर्भावरून ठरवून कागदाच्या मितीसह टिपून ठेवावें. नांवाचा इतिहास अशा टिपणांवरूनच लागेल. पक्ष्याच्या इतिहासाचा निवाडा मात्र नांवावरून करूं नये.