पपई वाचवणारा पाहुणा

परसातल्या पपईच्या पानामागे कधी कापसासारखा पांढरा थर दिसलाय? तो पिठ्या ढेकूण, खवले किडीच्याच गोतावळ्यातला. आज त्याची गोष्ट सांगते.

ही कीड मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. २००८ साली ती तमिळनाडूत कोइम्बतूरला पपईवर आढळली. पाठोपाठ टॅपिओका आणि तुतीही पांढरी पडली. अंगावरच्या मेणामुळे फवारणी किडीपर्यंत नीट पोचेना. शिवाय तुतीवर विष मारलं, तर तोच पाला खाणारे रेशीमकिडे मरणार! करायचं काय?

शास्त्रज्ञांनी विचार केला, की हिच्या माहेरी हिला आवरतं कोण? तर गांधीलमाशीच्या कुळातले इवलेसे मित्रकीटक. २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने त्यांच्या तीन जाती पोर्तो रिकोहून बंगळुरूला आणल्या. आधी तपासल्या, मग वाढवून शेतांत सोडल्या. मादी किडीच्या अंगात अंडं घालते, अळी तिला आतून खाते आणि टरफलाला भोक पाडून नवा मित्रकीटक बाहेर पडतो. काही महिन्यांत बागा सावरू लागल्या.

म्हणून मैत्रिणींनो, लगेच विषारी औषध मारू नका. आधी भिंग घेऊन पाहा. भोक पडलेली रिकामी टरफलं दिसली, तर समजा, पाहुणा कामाला लागलाय. फार माखलेली पानं काढा, पाण्याची जोरदार धार मारा. औषधाने कीड उरेल आणि पाहुणाच मरेल, असं व्हायला नको.